गावोगाव फिरलेल्या संघाचा इतिहास कसा जुळवायचा

सॅक्रामेंटो किंग्ज, म्हणजे एनबीए या अमेरिकेतल्या मोठ्या बास्केटबॉल लीगमधला कॅलिफोर्नियाचा संघ, त्याचा इतिहास वाचायला घेताय ना, मग सुरुवात सॅक्रामेंटोपासून करू नका. मी इथे जवळच, फॉल्समला राहतो. आमच्या मराठी मंडळींत दर हंगामात कुणीतरी नव्याने बास्केटबॉलच्या नादी लागतो आणि विचारतो, ‘हा संघ कधीपासूनचा हो?’ इथले लोक बेधडक १९८५ सांगतात. पण ते झालं संघ इथे राहायला आल्याचं वर्ष. संघाची मुळं पार १९२३ पर्यंत जातात, तीही अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला.

म्हणून आधी वहीचं एक पान आडवं धरा आणि रकाने आखा: वर्ष, शहर, हॉल, मालक. खेळाडूंची नावं एवढ्यात नकोत, नाहीतर तुम्ही ऑस्कर रॉबर्टसनसारख्या दिग्गजापाशी अडकाल आणि वही तशीच राहील. पहिल्या ओळीत रॉचेस्टर सीग्रॅम्स. १९४५ मध्ये लेस आणि जॅक या हॅरिसन बंधूंनी हाच संघ ‘रॉयल्स’ नावाने नॅशनल बास्केटबॉल लीगमध्ये (ही एनबीएहून वेगळी, जुनी लीग) उतरवला. लेस मालकही आणि कोचही. १९५७ मध्ये संघ सिनसिनाटीला गेला. १९७२ मध्ये कॅन्सस सिटीला, आणि तिथेही अर्धं घर ओमाहात. कॅन्सस सिटीत रॉयल्स नावाचा बेसबॉल संघ आधीच होता, म्हणून हे ‘किंग्ज’ झाले. १९८५ मध्ये सॅक्रामेंटो. झाला सांगाडा.

आता पुढे एक रकाना मोकळा ठेवा: ‘का हलले?’ हा भरायला वेळ लागतो आणि खरी गंमत त्यातच आहे. एक उदाहरण देतो. कॅन्सस सिटीत १९७४ साली केम्पर अरीना बांधला गेला आणि ४ जून १९७९ ला वादळी पावसात त्याचं छप्पर कोसळलं. तेव्हा आत कार्यक्रम नव्हता म्हणून निभावलं. पुढच्या हंगामात संघ परत जुन्या म्युनिसिपल ऑडिटोरियममध्ये. १९८३ मध्ये सॅक्रामेंटोच्या मंडळींनी संघ १ कोटी ५ लाख डॉलरला घेतला आणि दोन वर्षांत इकडे आणला. त्यांनी पहिल्यांदा बांधलेला तात्पुरता हॉल जेमतेम दहा हजारांचा होता.

खेळाडूंसाठी मी एक सोपी वाट सांगतो: रिटायर केलेल्या जर्सी, म्हणजे मोठ्या खेळाडूंच्या मानार्थ पुन्हा कुणाला न दिलेले आणि छताला टांगलेले नंबर. गोल्डन वन सेंटर या किंग्जच्या हॉलमध्ये सामन्याला गेलात तर मध्यंतरात नाचोजच्या रांगेत न लागता मान वर करा. प्रत्येक नंबर म्हणजे एकेका शहराचा दरवाजा. ११ बॉब डेव्हिस, रॉचेस्टर. १४ ऑस्कर रॉबर्टसन, सिनसिनाटी. १९६१-६२ च्या हंगामात त्याची सरासरी ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड (हुकलेला चेंडू पकडणं) आणि ११.४ असिस्ट (ज्या पासवर सहकारी गुण करतो तो) होती. १ टायनी आर्चिबाल्ड, कॅन्सस सिटी-ओमाहा. १९७२-७३ मध्ये गुण आणि असिस्ट दोन्हींत लीगमध्ये पहिला. मग रिचमंड, वेबर, डिवाच, स्टोयाकोविच हे इथले. ६ नंबर प्रेक्षकांचा, मैदानातल्या पाचांनंतरचा सहावा गडी म्हणून.

१२ आणि २७ मात्र एकत्रच वाचा. १२ मॉरिस स्टोक्स, १९५६ चा सर्वोत्तम नवोदित. १२ मार्च १९५८ ला मिनिआपोलिसमध्ये तो पडला, डोकं आपटलं, शुद्धीवर आला आणि पुन्हा खेळला. तीन दिवसांनी डेट्रॉइटचा सामना संपवून परतताना विमानात त्याची तब्येत ढासळली आणि सगळं शरीर लुळं पडलं. २७ जॅक ट्वायमन, त्याचा सहकारी. तो स्टोक्सचा कायदेशीर पालक झाला, त्याला कामगार भरपाई मिळावी म्हणून भांडला आणि उपचारांसाठी पैसे उभे करत राहिला. स्टोक्स १९७० मध्ये गेला. एक काळा, एक गोरा, आणि साल १९५८, हे लक्षात ठेवून वाचा. सिनसिनाटीचं पान मी नेहमी इथूनच उघडतो, रॉबर्टसन नंतर.

पुढचं काम: एखाद्या जुन्या सामन्याचा बॉक्स स्कोर, म्हणजे आकड्यांचा तक्ता, समोर घेऊन बसा. मी सुचवेन ६ जानेवारी १९५१, रॉचेस्टर विरुद्ध इंडियानापोलिस. रॉचेस्टर ७३-७५ ने हरलं. स्कोर अगदी साधा वाटतो, पण सामना सहा ओव्हरटाइम (बरोबरी झाल्यावरची पाच-पाच मिनिटांची जादा सत्रं) चालला. एनबीएत त्याहून लांब सामना अजून झालेला नाही. आता गणित करा. नेहमीचा वेळ संपला तेव्हा ६५-६५. म्हणजे ओव्हरटाइमच्या तीस मिनिटांत रॉचेस्टरचे गुण फक्त आठ! चेंडू हातात धरायचा आणि शेवटच्या फटक्याची वाट बघायची, असा तो खेळ. २४ सेकंदांचं शॉट क्लॉक, म्हणजे तेवढ्या वेळात चेंडू टाकायलाच हवा हा नियम, १९५४ मध्ये का आलं, ते हे आकडे बघून कुणी न सांगता कळतं. त्या सामन्याच्याच वर्षी, एप्रिल १९५१ मध्ये, याच संघाने न्यूयॉर्क निक्सला सातव्या सामन्यात ७९-७५ ने हरवून एनबीएचं विजेतेपद मिळवलं. तीन-शून्य पुढे असताना लागोपाठ तीन हरून मग. क्लबचं एनबीए विजेतेपद ते एकच. १९४६ चं विजेतेपद नॅशनल लीगचं. ते वेगळ्या शाईने लिहा, मिसळू नका.

सांगोवांगीच्या गोष्टींना वहीत मागचं पान द्या. १९५६ च्या ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) पहिली निवड रॉचेस्टरची होती आणि त्यांनी पुढे महान ठरलेला बिल रसेल सोडून साय ग्रीनला घेतलं, हे पक्कं. बॉस्टनच्या मालकाने बर्फावरच्या नाचाचे खेळ रॉचेस्टरला देऊन रसेल मिळवला, ही गोष्ट सगळे रंगवून सांगतात. ती मागच्या पानावर. (हाच रसेल १९८७ मध्ये किंग्जचा कोच म्हणून आला आणि हंगाम संपायच्या आत गेला. नशिबाचे खेळ.)

२००२ विषयी सॅक्रामेंटोत कुणाशी बोलाल तर वेळ काढून बोला. वेस्टर्न कॉन्फरन्सची, म्हणजे लीगच्या पश्चिम गटाची अंतिम फेरी, लॉस एंजेलिस लेकर्सविरुद्ध. सहाव्या सामन्याच्या शेवटच्या क्वार्टरमध्ये लेकर्सला २७ फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारे मोकळे फटके) मिळाले आणि ते १०६-१०२ ने जिंकले. हा आकडा इथल्या पोरासोरांना पाठ आहे. ‘रेफरींनी लुटलं’ हे मलाही पटतं. पण सातवा सामना घरच्या मैदानावर होता, ओव्हरटाइममध्ये गेला, आणि त्यात किंग्जने ३० पैकी १६ च फ्री थ्रो बास्केटमध्ये घातले आणि हरले. हा आकडा कुणी सांगत नाही. वहीत दोन्ही शेजारी शेजारी लिहा.

न झालेली स्थलांतरंही नोंदवा; क्लबच्या अधिकृत माहितीत ती दोन ओळींत उरकतात. २०११ मध्ये संघ अनाहाइमला निघालाच होता. २०१३ मध्ये सिएटलला विकायचं जवळपास ठरलं होतं. तेव्हाचे सॅक्रामेंटोचे महापौर केविन जॉन्सन, स्वतः माजी एनबीए खेळाडू, त्यांनी दुसरा गिऱ्हाईक उभा केला; लीगच्या मालकांनी २२ विरुद्ध ८ मतांनी स्थलांतर नाकारलं. हा दुसरा गिऱ्हाईक म्हणजे मुंबईत, जुहूला वाढलेले विवेक रणदिवे आणि त्यांचे भागीदार. क्लबची किंमत ठरली ५३ कोटी ४० लाख डॉलर. १९८३ च्या आकड्याशेजारी ठेवून बघा.

२००६ नंतर थेट २०२३ मध्ये प्ले-ऑफ (हंगामानंतरची बाद फेरी), ही मधली वर्षं भराभर उलटा. ड्राफ्टमधल्या चुका मोजत बसलात तर जेवण जाणार नाही.

मुंबईचं पान मराठी माणसाने ठेवावंच. ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९, वरळीचा एनएससीआय डोम, समोर इंडियाना पेसर्स. पहिला सामना ओव्हरटाइममध्ये १३१-१३२ ने गेला, दुसरा १०६-१३०. तिथे असलेले लोक आजही ते ‘आमच्या मॅचेस’ म्हणून सांगतात. फक्त ते प्रीसीझनचे, म्हणजे हंगामाआधीच्या सरावाचे सामने. हंगामाच्या जय-पराजयाच्या रकान्यात धरू नका, नाहीतर बेरीज जुळणार नाही.