पद्मिनीचा मागचा एक्सल घेताना

प्रीमियर पद्मिनीसाठी भंगारातून मागचा एक्सल घेताय? वरच्या ताज्या रंगावर जाऊ नका, आधी रेशो मोजा, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला गिअरबॉक्सकडून मागे येणारा दांडा किती फेरे घेतो ते. एका बाजूचा ड्रम घट्ट धरा, दुसरा बरोबर दोन फेरे फिरवा आणि खडूची खूण करून पिनियनचा फ्लँज (तो दांडा जिथे जोडतात ती चकती) किती फेरे फिरला ते मोजा. तोच रेशो. तुमच्या जुन्या एक्सलचा आकडा वेगळा आला तर स्पीडोमीटर खोटं बोलेल आणि चढावर गाडीचा स्वभावही बदलेल. पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) बैठकांमधलं अंतर आणि फ्लँजची भोकं टेपने ताडून बघा. मग एक्सलचा ऑइल प्लग उघडून ऑइलमध्ये बोट घाला. लोखंडाचे कण हाताला लागले, तर माल कितीही स्वस्त असो, तिथेच सोडा. आणि क्राउन-पिनियन (एक्सलमधली एकमेकांत बसणारी दोन दातेरी चाकं) दोन गाड्यांचे मिसळून बसवलेले अजिबात घेऊ नका, ती जोडी एकत्रच घासून जुळवलेली असते.