डीआय जीप पळवायची आहे? इंजिनाला हात लावण्याआधी क्राऊन-पिनियन मोजा

जुनी महिंद्रा डीआय (डायरेक्ट इंजेक्शन डिझेल) जीप सोलापुरातून पुणे रोडला लागली की 70 ला केकाटायला लागते, 80 ला पायाखालचा पत्रा थरथरतो आणि उसाचा ट्रॅक्टर सोडला तर कुणालाही मागं टाकता येत नाही. मग मालक गॅरेज गाठतो. तिथं सल्ल्यांना तोटा नसतो. एक म्हणतो टर्बो बसवा. दुसरा डिझेल पंपाचा स्क्रू अर्धा आटा फिरवून देतो. तिसरा सायलेन्सर कापायला निघतो, आणि चौथा, जो नुसता चहा प्यायला आलेला असतो, तो म्हणतो, "इंजिनच टाक की बे दुसरं." यातलं एकही काम पहिल्यांदा करायचं नाही.

आधी हिशेब करा. 2523 सीसीचं हे इंजिन ओढण्यासाठी बनवलेलं आहे. त्याचं बळ खालच्या फेऱ्यांत असतं आणि साधारण 3200 आरपीएमला दम संपतो. 6.00-16 चा मूळ टायर धरला तर व्यास सुमारे 28 इंच. ताशी 80 ला ते चाक मिनिटाला जवळपास 600 फेऱ्या घेतं. ॲक्सलमध्ये 5.38 चा क्राऊन-पिनियन सेट असेल (म्हणजे शाफ्टकडून चाकांकडं जोर वळवणारी दात्यांची जोडी; पिनियन 5.38 वेळा फिरलं की क्राऊन एकदा फिरतो) आणि टॉप गिअर डायरेक्ट असेल, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट एकाच वेगानं फिरत असतील, तर 80 लाच इंजिन 3200 वर पोचलेलं असतं. पुढं जायला जागाच नाही. तोच टायर ठेवून 4.88 चा सेट टाकला की 80 ला इंजिन 2900 वर येतं, 4.27 टाकला की 2550 वर. टर्बोनं चढावर जोर येईल, पण 3200 ची भिंत आहे तिथंच राहील. पाच गिअरची ओव्हरड्राइव्हवाली (टॉप गिअरला शाफ्ट इंजिनापेक्षा जास्त फिरतो अशी) गाडी असेल तर आकडे आणखी खाली येतात, तिचा हिशेब वेगळा मांडा.

4.27 चा मोह बहुतेकांना होतो. बिनटर्बोच्या इंजिनाला तो घालू नका. सपाटीवर गाडी छान वाटेल, पण तुळजापूरचा घाट लागला आणि मागं चार माणसं बसलेली असली की तिसऱ्या गिअरवर याल आणि तिथंच राहाल. माझ्या मते 4.88 हाच या इंजिनाचा जोडीदार. आणि 5.38 च्या गाडीला कुणी आधीच 31 इंची टायर घातले असतील, तर 80 ला ती आत्ताच 2900 वर चालते आहे. तिच्या क्राऊनला हात लावू नका, ब्रेकवर पैसे घाला.

गाडीत आत्ता कोणता सेट आहे हे पुस्तकात बघून कळत नाही. चाळीस वर्षांत कुणी काय टाकलं असेल सांगता येत नाही. न उघडता मोजायची रीत अशी: गिअर आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटणारी पेटी) न्यूट्रल, मागचं एकच चाक जॅकवर, दुसरं जमिनीवर. उचललेलं चाक हातानं बरोबर दोन फेऱ्या फिरवा आणि प्रॉपेलर शाफ्ट (ट्रान्सफर केसकडून मागच्या ॲक्सलला येणारा दांडा) किती फिरला ते खडूच्या खुणेवरून मोजा. पाच फेऱ्या आणि वर तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त म्हणजे 5.38, पाचला थोडं कमी म्हणजे 4.88. एक मात्र ध्यानात ठेवा. पुष्कळ जुन्या जीपांचा हँडब्रेक चाकावर नसतो, ट्रान्सफर केसमागं शाफ्टवर असतो. शाफ्ट फिरवायचा तर तो सोडावा लागतो, आणि ओढून ठेवला तरी एक चाक उचललेलं असताना तो गाडी धरत नाही. तेव्हा उरलेल्या चाकांना दोन्हीकडून दगड लावल्याशिवाय खाली शिरायचं नाही.

इंजिनाची तब्येत: टॅपेट, नोझल तपासणी, पंप कॅलिब्रेशन. पंप कॅलिब्रेशनच्या बेंचवरच लावून घ्या. स्क्रू फिरवून आलेलं 'पिकअप' म्हणजे काळा धूर, आणि तो धूर पिस्टन तापवून जातो.

हवेच्या फिल्टरबद्दल मात्र दोन वाक्यं जास्त. आपल्याकडं काळी माती उन्हाळ्यात पिठासारखी उडते आणि गाळप हंगामात उसाच्या गाड्यांमागं तर समोरचं दिसत नाही. अशा हवेत 'फ्री-फ्लो' जाळीचा फिल्टर लावणं म्हणजे सिलिंडरला पॉलिश पेपर लावणं. चांगला कागदी फिल्टर, घट्ट क्लिपा, फाटका होज बदललेला, बस. स्नॉर्केल दिसायला झकास असतं, वेग त्यानं वाढत नाही.

कूलिंगमध्ये रेडिएटर रॉडिंग करून, म्हणजे नळ्या आतून सळईनं साफ करून घ्या आणि पंख्याभोवतीचा श्राऊड नसेल तर आधी तो बसवा. "थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी गार चालते" हे सोलापुरातलं सर्वांत लाडकं ज्ञान आहे. काढू नका. इंजिन नीट तापत नाही, डिझेल जास्त पितं, आणि मे महिन्यात तापायची गाडी तरीही तापतेच, कारण बुजलेला असतो रेडिएटर.

ब्रेक आधी, वेग नंतर. चारही ड्रम लेथवर साफ, नवे लायनर, नवे व्हील सिलिंडर. यात काटकसर करणाऱ्याशी मी पुढचं बोलत नाही.

आरटीओचंही इथंच उरकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणं आरसीवरचा तपशील बदलेल असा बदल मनानं करता येत नाही. इंजिन बदलायचं तर आधी परवानगी लागते. कलम 182अ खाली मालकाला प्रत्येक बेकायदा बदलामागं 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. बाहेर आलेले टायर आणि कापलेला सायलेन्सर लांबून दिसतो. काय चालतं, काय नाही ते एमएच-13 च्या कचेरीत काम काढण्याआधी विचारून घ्या.

आता मुख्य काम, क्राऊन-पिनियन बदलण्याचं. या टप्प्यानं मला जेवढं रडवलं तेवढं दुसऱ्या कशानंच नाही, आणि याच टप्प्याला बहुतेक मिस्त्री एका दुपारीत उरकून टाकतात.

सेट घेताना पुढचा आणि मागचा दोन्ही घ्या. मापं वेगळी असली तरी रेशो तोच हवा. "मागचाच बदला, फोर बाय फोर लावता कुठं तुम्ही?" असं सांगणारा भेटतोच. त्याचं ऐकलंत आणि कधी चिखलात लिव्हर ओढलात, तर पुढची चाकं एका वेगानं, मागची दुसऱ्या वेगानं ओढणार आणि ट्रान्सफर केसचे दात जाणार. क्राऊन आणि पिनियन जोडीनं घासून तयार केलेले असतात, दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो. नंबर जुळत नसेल तर दुकानातच परत द्या. भंगारातून एकाचा क्राऊन, दुसऱ्याचं पिनियन आणून केलेला सेट पहिल्या किलोमीटरपासून रडतो.

जुन्या जीपच्या ॲक्सलमध्ये सगळा खेळ शिमांचा, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्यांचा आहे. पिनियन किती आत बसणार ते आतल्या बेअरिंगच्या कपामागच्या शिमांवर ठरतं. क्राऊन डावीकडं की उजवीकडं, ते कॅरिअरच्या (क्राऊन ज्यावर बसतो त्या सांगाड्याच्या) दोन बाजूंच्या शिमांवर. काढताना प्रत्येक गठ्ठा वेगळ्या पिशवीत, वर पेननं लिहून ठेवा. सुरुवात जुन्याच शिमांनी करा, पण तिथंच थांबू नका. "होत्या तेवढ्या टाकल्या की बसतं" म्हणणारा मिस्त्री दिसला की गाडी परत घेऊन या.

शिम बदलायची म्हणजे दर वेळी बेअरिंग ठोकून काढायचं, परत ठोकायचं. दोन-तीनदा केल्यावर माणूस कंटाळतो आणि "चालतंय" म्हणतो. बिघडतं ते इथं. यावर उपाय म्हणजे काढलेली जुनी बेअरिंगं फेकायची नाहीत. पिनियनच्या जुन्या कपाचा बाहेरचा भाग आणि कॅरिअरच्या जुन्या बेअरिंगांचं आतलं भोक लेथवाल्याकडून केसभर घासून घ्या, हातानं बसतील आणि हातानं निघतील इतकीच. सगळी जुळवाजुळव या ढिल्या बेअरिंगांवर करायची. शिमा ठरल्या की मगच नवी बेअरिंगं दाबायची आणि शेवटी एकदा पुन्हा तपासायचं.

क्रम मोडू नका: पहिल्यांदा पिनियनची खोली, मग प्ले, म्हणजे दोघांच्या दातांमधली मोकळीक. प्ले मोजायला डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं माप) लागतो. तो नसलेल्या गॅरेजात हे काम द्यायचंच नाही. हातानं क्राऊन हलवून "टिक-टिक बरोबर येतंय" म्हणणं हा अंदाज आहे. गेजचं टोक क्राऊनच्या दाताच्या बाहेरच्या कडेला काटकोनात टेकवा, पिनियन घट्ट धरा, क्राऊन मागंपुढं करा. 0.13 ते 0.25 मिलिमीटर हवं. चार ठिकाणी मोजा. चारही आकड्यांत 0.05 पेक्षा जास्त फरक येत असेल तर क्राऊनच्या बैठकीखाली कचरा किंवा बर (धातूची उठलेली कड) अडकलाय. क्राऊन खोला, बैठकीवर तेलाचा दगड फिरवा, पुसा, बोल्ट समोरासमोरचे थोडेथोडे आवळत परत लावा. शेवटच्या खेपेला बोल्टांना लॉकिंग लिक्विड विसरू नका.

मग पॅटर्न, म्हणजे दातावर उमटणारा ठसा. निळीची पेस्ट बरेच जण वापरतात; काळपट दातावर ती दिसत नाही आणि मग ज्याला जे हवं ते दिसतं. चित्रकलेच्या दुकानात मिळणारी पिवळ्या ऑइल कलरची ट्यूब घ्या, त्यात इंजिन ऑइलचा एखादा थेंब. क्राऊनच्या चार-पाच दातांना दोन्ही बाजूंनी पातळ थर द्या, असं तीन ठिकाणी. एकानं लाकडाच्या दांड्यानं क्राऊनवर थोडा दाब धरायचा, दुसऱ्यानं पिनियनच्या नटला पाना लावून फिरवायचं, सुलटंही आणि उलटंही. दाब न देता फिरवलेला ठसा फसवतो.

आता दाताकडं टॉर्च मारून नीट बघा. जिथं पिनियन घासलं तिथला रंग निघून लंबगोल डाग उरलेला असतो. तो डाग दाताच्या उंचीच्या मधोमध हवा. वर, दाताच्या शेंड्याकडं असेल तर पिनियन क्राऊनपासून दूर आहे, कपामागं शिम वाढवा. खाली, मुळाशी असेल तर पिनियन जास्त आत गेलंय, शिम काढा. उंची जमली की मग लांबी बघायची. डाग आतल्या बारीक टोकाकडं सरकलेला असेल तर क्राऊन पिनियनपासून जरा दूर न्या, बाहेरच्या जाड टोकाकडं असेल तर जवळ आणा. एका बाजूची शिम काढली की तेवढीच दुसऱ्या बाजूला घालायची. हे करताना प्ले 0.13 ते 0.25 च्या बाहेर जायला लागला तर समजायचं खोलीच चुकली आहे, परत पिनियनवर जा. पुढं जाताना दाब घेणारी बाजू आणि पाय काढल्यावरची बाजू, दोन्ही बाजू शंभर टक्के जुळत नाहीत. अशा वेळी मी पहिलीला झुकतं माप देतो.

पिनियनच्या बेअरिंगवरचा ताण हा शेवटचा भाग, आणि लोक सर्वांत जास्त इथंच चुकतात. नट "पाइप घालून फुल टाइट" करायचा आणि झालं, असं नाही. ढिलं राहिलं तर पाय काढल्यावर हूं-हूं ऐकू येतं, जास्त आवळलं तर नवं बेअरिंग निळं पडतं. ऑइल सील न बसवता, नवं बेअरिंग तेल लावून, एकट्या पिनियनला फिरवायला साधारण 2.5 ते 4.5 न्यूटन-मीटर लागले पाहिजेत. तसा पाना नसेल तर फ्लँजला दोरी गुंडाळा आणि ताणकाट्यानं सावकाश ओढा. दोरी मध्यापासून 5 सेंटीमीटरवर असेल तर फिरत असताना काटा 5 ते 9 किलोच्या मध्ये राहायला हवा. कमीजास्त असेल तर नटवर जोर काढायचा नाही, पिनियनच्या बाहेरच्या बेअरिंगची शिम बदलायची, खोलीची नव्हे.

पुढच्या ॲक्सलला हेच सगळं परत. दुसऱ्या दिवशी करा, थकल्या डोळ्यांना पॅटर्न दिसत नाही.

ऑइल जीएल-5, 80डब्ल्यू-90. पहिल्या दिवशी 15-20 किलोमीटर, पन्नासच्या आत, मग थांबून हाऊसिंग पूर्ण गार होऊ द्या. असं दोन-तीनदा. थांबलात की हाऊसिंगला हात लावून बघायचा: कोमट-गरम ठीक, पण हात टेकवत नसेल तर बेअरिंगचा ताण जास्त झालाय, उघडा. पहिले 800 किलोमीटर ट्रॉली ओढायची नाही, घाटात भरून जायचं नाही. 800 ला ऑइल बदला आणि ड्रेन प्लगला काय चिकटलंय ते बघा. राखाडी लगदा चालतो, बोटाला टोचणारा तुकडा चालत नाही. चाचणी अक्कलकोट रोडला पहाटे घ्या. नान्नजकडचं माळरान मोकळं दिसतं म्हणून तिकडं गाडी घालू नका, ते माळढोकचं अभयारण्य आहे.

जाताजाता स्पीडोमीटर. त्याची केबल ट्रान्सफर केसवरून येते, ॲक्सलमध्ये काय बदललं हे तिला कळत नाही. 5.38 चा 4.88 केला की काट्यावर 80 दिसताना गाडी खरं 88 नं चाललेली असते. मोबाइलच्या जीपीएसवर ताडून पाहा, काचेवर रंगानं खूण करा. पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) सस्पेन्शनवर खरं 90 हीच या गाडीची हद्द समजा.