मागे राहिलेला क्रोमोझोम शोधायचाय? एकच पेशी दोन मायक्रोस्कोपखाली कशी बघायची

ॲनाफेजमध्ये, म्हणजे पेशी विभागताना क्रोमोझोम वेगळे ओढले जातात त्या टप्प्यात, सगळे क्रोमोझोम दोन टोकांना निघाले आणि एक मध्येच लटकला, असं दिसलं की पहिला प्रश्न येतो की त्याला नक्की धरलंय कोणी. लाइट मायक्रोस्कोप हे सांगू शकत नाही, कारण त्याची मजल साधारण २०० नॅनोमीटरपर्यंत आणि क्रोमोझोमला धरून ओढणारी बारीक नळी, म्हणजे मायक्रोट्यूब्यूल, जेमतेम २५ नॅनोमीटर जाड. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपला ती दिसते पण तिथे पेशी जिवंत नसते. म्हणून तीच पेशी आधी इथे, मग तिथे बघायची, याला क्लेम (CLEM, दोन्ही मायक्रोस्कोपची चित्रं जुळवणं) म्हणतात. आणि खरी कसोटी तीच पेशी परत सापडण्यात आहे.

त्यामुळे तळाच्या काचेवर अक्षरांचा ग्रिड असलेलीच डिश घ्या. हेला पेशी (लॅबमध्ये वाढवतात त्या मानवी पेशी) चालतील, एच२बी-जीएफपीवाल्या, म्हणजे ज्यांचे क्रोमोझोम हिरवे चमकतात अशा, ३७ डिग्री आणि ५ टक्के सीओटू. आधी १०एक्सवर ग्रिडसकट फोटो काढा, मग मोठ्या लेन्सवर जा. लेझर अगदी कमी ठेवा, जास्त उजेडाने पेशी मेटाफेजलाच (ॲनाफेजच्या आधीचा टप्पा) अडकते आणि मग तुम्ही बघताय ते विभाजन नाही, उजेडाचा त्रास.

क्रोमोझोम मागे राहिलेला दिसला की लगेच फिक्स करायचं, म्हणजे रसायनाने पेशी आहे तशी टिकवायची. इथे घाई करा पण हात हलका ठेवा, कारण विभाजन होणारी पेशी गोल होते, काचेला नीट चिकटलेली नसते, आणि सगळं मीडियम ओढून घेतलंत तर तीच वाहून जाते. मीडियम तसंच ठेवून तेवढंच ५ टक्के ग्लुटाराल्डिहाइड कडेने सोडा म्हणजे अडीच टक्के होतं, आणि ते ३७ डिग्रीला गरम केलेलंच हवं, थंडीने मायक्रोट्यूब्यूल विरघळतात. जीएफपीचे शेवटचे फोटो आत्ताच घ्या, पुढच्या पायरीतल्या ऑस्मियमनंतर (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी पेशीला द्यायचं विषारी रसायन) चमक जाते. ऑस्मियम फ्यूम हूडमध्येच, ह्यात तडजोड नको.

पुढे नेहमीसारखं पाणी काढायला अल्कोहोल, मग पेशी बसवायला रेझिन, आणि ते कडक व्हायला ६० डिग्रीला बेकिंग. काच निघाली की ग्रिडचा ठसा रेझिनवर राहतो, तो फोटोशी जुळवताना अक्षर उलटं तर नाही ना ते बघा आणि मगच ब्लॉक ट्रिम करा. सेक्शन, म्हणजे पातळ काप, ७० नॅनोमीटरचे, ओळीने, एकही न गाळता. पेशी १५ मायक्रॉन उंच धरली तर दोनशेच्या वर होतात, कंटाळा येतो पण लटकलेला क्रोमोझोम नेमका गाळलेल्या सेक्शनमध्ये असू शकतो.

मग क्रोमोझोमच्या आकारावरून जागा जुळवा आणि त्याच्या कायनेटोकोरपासून (क्रोमोझोमवर मायक्रोट्यूब्यूल चिकटते ती जागा) एकेक मायक्रोट्यूब्यूल सेक्शनमागून सेक्शन ट्रेस करा. एकाच कायनेटोकोरला दोन्ही पोलकडून (पेशीच्या दोन टोकांकडून) आलेल्या मायक्रोट्यूब्यूल चिकटलेल्या दिसल्या तर ती मेरोटेलिक जोडणी, तो मागे का राहिला ते कळलं.