११ केव्ही एक्सएलपीई केबल: इन्सुलेशनचे आयुष्य घटवणाऱ्या या चुका टाळा

जमिनीखालची ११ केव्ही (११ हजार व्होल्टची) एक्सएलपीई केबल, म्हणजे क्रॉस-लिंक्ड पॉलिथिलीनचे इन्सुलेशन असलेली केबल, निकामी झाली की दोष बहुधा तिच्या दर्जाला दिला जातो. मात्र चर उकरून जॉइंट उघडल्यावर पुष्कळदा वेगळेच कारण समोर येते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे कापलेले टोक उघडे ठेवणे. ड्रमवरून हवी तेवढी केबल कापून घेतली जाते, उरलेल्या टोकाला प्लास्टिकची पिशवी बांधली जाते आणि एका पावसात पाणी तारांमधल्या फटींतून आत खोलवर उतरते. ओलावा व विद्युत दाब एकत्र आले की पॉलिथिलीनमध्ये झाडाच्या फांद्यांसारख्या सूक्ष्म रचना, म्हणजेच वॉटर ट्री, अनेक वर्षे वाढत राहतात आणि शेवटी तिथेच इन्सुलेशन फुटते. यासाठी टोक कापताक्षणीच आतून चिकट थर असलेली, उष्णतेने आक्रसणारी एंड कॅप बसवावी. जॉइंटपूर्वी वाहकाच्या तारा उलगडून पाहाव्यात; ओल दिसली, तर कोरडा भाग लागेपर्यंत केबल कापण्यास कचरू नये.

दुसरी चूक ब्लेडची. ११ केव्ही केबलमध्ये इन्सुलेशनची जाडी जेमतेम साडेतीन मिलिमीटर असते. वरचा काळा सेमिकॉन (अर्धवाहक) थर काढताना साध्या चाकूने गोल चीर दिली की पांढऱ्या इन्सुलेशनवर केसासारखी रेघ उमटते. जॉइंटवर चढवलेल्या स्लीव्हखाली (आवरण नळीखाली) त्या रेघेत हवा अडकते आणि तिथे आंशिक विसर्जन (पार्शल डिस्चार्ज), म्हणजे सूक्ष्म ठिणग्या पडणे, सुरू होते. म्हणून पात्याची खोली ठरवता येणारे हत्यारच वापरावे, पृष्ठभाग अवाहक पॉलिश पेपरने घासावा आणि पुसताना हात नेहमी इन्सुलेशनकडून सेमिकॉनकडे न्यावा. उलट पुसल्यास काळे वाहक कण पांढऱ्या भागावर ओढले जातात. घाईच्या कामात हीच गोष्ट सर्वाधिक विसरली जाते.

एक्सएलपीई सतत ९० अंश सेल्सिअसपर्यंतचे वाहक तापमान सोसते, पीव्हीसी ७० अंशांपर्यंत. मात्र एकाच पाइपमध्ये अनेक केबल कोंबल्या की उष्णता बाहेर पडत नाही; त्यामुळे ही मर्यादा ओलांडू नये म्हणून भारक्षमता (वाहून नेता येणारा प्रवाह) कमी धरावीच लागते.

मेगरचा (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाचा) आकडा चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण सुरुवातीचे वॉटर ट्री त्यात दिसतीलच असे नाही. जुन्या एक्सएलपीई केबलवर उच्च दाबाची डीसी चाचणीही टाळावी: इन्सुलेशनमध्ये विद्युत भार साठून राहतो, केबल चाचणीत उत्तीर्ण होते आणि पुरवठा सुरू केल्यावर फुटू शकते. तिथे ०.१ हर्ट्झची व्हीएलएफ (अतिशय कमी वारंवारतेची एसी) चाचणी घ्यावी.