मशरूमच्या कॅप्सूल घेताय? या चुका टाळा

चाळीसगावात आमचं मेडिकल आहे. हल्ली काउंटरवर कोणी मोबाइलवरची जाहिरात दाखवतं, कोणी डबीच पुढे ठेवतं: रिशी, टर्की टेल, कॉर्डिसेप्स अशा मशरूमच्या कॅप्सूल. "भाऊ, इम्युनिटी वाढते म्हणता. घेऊ का?"

खरी गफलत त्या "वाढते" शब्दातच आहे. मशरूम ही बुरशीच. बुरशीच्या पेशीभित्तिकेत (पेशीभोवतीच्या भिंतीत) बीटा-ग्लुकन नावाची लांब साखळीची शर्करा असते. आपल्या मॅक्रोफेज, न्यूट्रोफिल, डेंड्रिटिक या प्रतिकारपेशींवर ती ओळखणारा 'डेक्टिन-१' हा ग्राही (रिसेप्टर) असतो. त्याचं हे काम २००१ मध्ये उलगडलं. पेशीच्या लेखी बीटा-ग्लुकन म्हणजे अंगात बुरशी घुसल्याची खूण. ती सावध होते, गिळंकृत करायला सरसावते, सायटोकाइन नावाची निरोप देणारी रसायनं सोडून इतर पेशींना हाक देते. म्हणजे मशरूमचा अर्क पेशीला ताकद देत नाही, इशारा देतो. ज्यांची प्रतिकारशक्ती आधीच स्वतःच्या सांध्यांवर किंवा त्वचेवर उठलेली आहे, त्या आमवाताच्या, ल्युपसच्या रुग्णांनी हा इशारा डॉक्टरांना न विचारता देऊ नये.

मागच्या पावसाळ्यात एक शेतकरी बाबा आले. हातात डबी. "भाऊ, ह्या गोया मना पोऱ्याले चालतीन का?" मी मुलाची चिठ्ठी मागितली. टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट, दोन्ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं. किडनी बदललेली. बाबांना बसवलं, पाणी दिलं आणि मुलाच्या डॉक्टरांना फोन लावला. ते स्पष्ट नाही म्हणाले. नवी किडनी टिकावी म्हणून ज्या पेशींना रोज औषध देऊन शांत ठेवायचं, त्यांनाच बाबा पदरचे पैसे घालून जागं करायला निघाले होते. मायकोफिनोलेटही मुळात पेनिसिलियम बुरशीतूनच आलेलं आहे. प्रतिकारशक्ती दाबणारं प्रत्यारोपणाचं जुनं औषध सायक्लोस्पोरिन, अमेरिकेत १९८३ ला मंजूर झालेलं, तेही बुरशीचंच. आणि ती बुरशी कॉर्डिसेप्सच्या नात्यातली निघाली. त्यामुळे "मशरूम म्हणजे इम्युनिटी" हे समीकरणच सोडून द्या. कोणती बुरशी, तिच्यातला कोणता घटक, हे विचारा.

"लॅबमध्ये सिद्ध" हे शब्द वाचून भुलणं ही दुसरी चूक. काचेच्या बशीतल्या मॅक्रोफेजवर अर्क टाकला आणि त्या खवळल्या, तर तो अर्काचा गुण असेलच असं नाही. अर्कात जिवाणूंचं एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या भित्तिकेतलं विष) किंचित जरी मिसळलं असेल तरी पेशी तशाच खवळतात. ते तपासलं होतं का, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न मार्गाचा, म्हणजे ते शरीरात कसं दिलं. शिताके मशरूममधलं लेंटिनन हे बीटा-ग्लुकन जपानमध्ये कर्करोगाच्या उपचाराला जोड म्हणून वापरलं गेलं, पण ते इंजेक्शनने. तोंडाने घेतलेल्या कॅप्सूलला तो दाखला लागू होत नाही. खाऊन फरक पडतच नाही असंही नाही. फ्लोरिडात ५२ निरोगी माणसांनी ४ आठवडे रोज ५ किंवा १० ग्रॅम वाळलेलं शिताके खाल्लं, तेव्हा त्यांच्या रक्तातल्या काही प्रतिकारपेशी जास्त जोमाने वाढताना दिसल्या. मात्र पेशी बदलल्या म्हणून आजार कमी होतोच, हे त्यातून ठरत नाही.

आता डबीकडे. "पॉलिसॅकराइड ५०%" हा आकडा पाहून घेऊ नका. पॉलिसॅकराइड म्हणजे कुठलीही लांब साखळीची शर्करा. पिठातला स्टार्चही पॉलिसॅकराइडच. बुरशीचं जाळं धान्यावर वाढवून धान्यासकट दळलं, तर पावडरीत स्टार्चच भरपूर येतो. मी दुकानातच पाहतो: चिमूटभर पावडर पाण्यात उकळायची, गार करायची, जखमेला लावायच्या पोव्हिडोन-आयोडीनचे दोन थेंब. शेजारच्या वाटीत ज्वारीच्या पिठाचं तसंच पाणी. एका डबीचं पाणी पिठाच्या वाटीइतकंच काळंनिळं झालं, तेव्हा गिऱ्हाईक ताई वाटीकडे बघतच राहिल्या. कॅप्सूलमध्ये भर म्हणूनही स्टार्च घालतात, पण मग लेबलवर तसं लिहिलेलं हवं. बीटा-ग्लुकन किती, हे वेगळं छापलेलं शोधा.

रिशीच्या वाळलेल्या चकत्या नुसत्या दळून फाकू नका. त्यातला कायटिन, म्हणजे पेशीभित्तिकेतला चिवट घटक, आपल्याला नीट पचत नाही. बीटा-ग्लुकन बाहेर यायला पाण्यात बराच वेळ उकळावं लागतं, ट्रायटर्पीन नावाचे कडू घटक काढायला अल्कोहोल. रिशी पावडरीनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत, म्हणून डोळे पिवळे वाटले, लघवी गडद झाली तर लगेच थांबवून डॉक्टर गाठा. शिताके कच्चं किंवा अर्धकच्चं खाऊ नका, काहींच्या अंगावर चाबकाचे वळ उठावेत तसे पट्टे उठतात. आणि शेताच्या बांधावरच्या जुन्या खोडाला लागलेली तांबडी, लाखेसारखी चमकणारी बुरशी "हीच रिशी" म्हणून तोडून आणू नका.

आपल्याकडे हिवाळ्यात केळीच्या वाळल्या पानांवर, गव्हाच्या काडावर धिंगरी (ऑयस्टर मशरूम) पिकवता येते. बीटा-ग्लुकन तिच्यातही असतं. ती नीट शिजवून भाजीत खा.

एवढं करूनही कॅप्सूल घ्यायचीच असेल, तर डबीसोबत चालू औषधांची चिठ्ठी आणा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा ऑपरेशनची तारीख ठरली असेल, तर डबी उघडण्याआधीच आणा.