पाळीव सरड्यासापांची पेटी: तळ आणि ऊब यांचा विचार एकत्रच करावा

सरपटणाऱ्या प्राण्याची पेटी तयार करताना बहुतेक जण तळावर काय पसरायचे ते आधी ठरवतात आणि मग दुकानदार हातात देईल तो हीटर घेऊन येतात. या दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे पुष्कळदा प्राण्याच्या पोटावर भाजल्याचा तांबूस डाग दिसल्यावरच ध्यानात येते. वास्तविक ऊब खालून द्यायची की वरून, यावर तळाचा थर कोणता आणि किती जाड असावा हे ठरते. येथे बिअर्डेड ड्रॅगन हा ऑस्ट्रेलियातील कोरड्या प्रदेशातला सरडा आणि बॉल पायथन हा पश्चिम व मध्य आफ्रिकेतला साप, असे दोन प्राणी डोळ्यांसमोर ठेवले आहेत, कारण दोघांच्या गरजा जवळजवळ उलट्या आहेत.

त्याआधी कायद्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. आपल्याकडचे अजगर, घोरपड, तारा कासव यांसारखे प्राणी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित असून ते घरी ठेवणे गुन्हा आहे. बॉल पायथन परदेशी असला, तरी तो वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो. त्यामुळे भारतात त्याची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. कागदपत्रांशिवाय विकला जाणारा प्राणी कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.

आता ऊब. या प्राण्यांचे शरीर स्वतः पुरेशी उष्णता निर्माण करत नाही, म्हणून पेटीचे एक टोक उबदार आणि दुसरे थंड ठेवून मधली निवड प्राण्यावर सोपवावी लागते. बिअर्डेड ड्रॅगनला ऊन खाण्याच्या जागेवर पृष्ठभागाचे तापमान ३८ ते ४२ अंश सेल्सिअस आणि थंड टोकाला २४ ते २८ अंश हवे. बॉल पायथनला उबदार बाजूला ३१ ते ३३ आणि थंड बाजूला २५ ते २७ अंश पुरतात. हे आकडे प्राण्याचे अंग जिथे टेकते तिथले आहेत. पेटीच्या भिंतीवर चिकटवलेला गोल काट्याचा तापमापक तिथल्या हवेचा अंदाज देतो, आणि तोही बेताचाच. म्हणून लांबूनच पृष्ठभागाचे तापमान मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर आणि सेन्सरची वायर असलेला डिजिटल थर्मामीटर ही दोन साधने घ्यावीत. सजावटीचे दगड आणि प्लास्टिकच्या वेली नंतर घेतल्या तरी चालतील.

हीट मॅट, म्हणजे तळाखाली लावायची विजेवर तापणारी पातळ चटई, हिच्याबाबत सर्वाधिक गैरसमज आहेत. थर्मोस्टॅटशिवाय (म्हणजे ठरवलेले तापमान राखणाऱ्या नियंत्रकाशिवाय) लावलेली मॅट ४५ अंशांच्या पुढे सहज जाते. त्यातून खोली गार असेल, तर प्राणी पोटाखालची ऊब सोडत नाही; अंगाचा वरचा भाग थंडच राहिल्यामुळे तो तिथेच पडून राहतो आणि खालची कातडी भाजत जाते. त्यावर उपाय म्हणून तळाचा थर जाड करणे ही आणखी मोठी चूक आहे. समजा, मॅटवर तीन इंच कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) पसरले आणि वरून मोजल्यावर ३० अंश दिसले. पण थराखाली उष्णता कोंडलेली असते, काच त्याहून कितीतरी तापलेली असते, आणि रात्री साप कोपऱ्यात मुसंडी मारून कोकोपीट बाजूला सारतो व थेट त्या काचेवर वेटोळे घालून बसतो. म्हणून मॅट वापरायचीच असेल, तर ती पेटीच्या बाहेरून, तळाच्या साधारण एक तृतीयांश भागाखाली लावावी, पेटीला छोटे पाय देऊन खाली हवा खेळती ठेवावी आणि वरचा थर पातळ ठेवावा. थर्मोस्टॅटचा सेन्सर पेटीत मोकळा सोडू नये. तो प्राण्याच्या धक्क्याने सरकला किंवा लघवीने भिजला, तर थर्मोस्टॅट तळ गार आहे असे समजून मॅट तापवतच राहतो. सेन्सर बाहेरून मॅट आणि काच यांच्यामध्ये पक्का बसवावा आणि आतली उघडी काच इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजून त्यानुसार आकडा ठरवावा.

बिअर्डेड ड्रॅगनला मॅटची गरजच नाही. तो उन्हात अंग शेकणारा सरडा आहे. त्याला वरून प्रकाश देणारा बल्ब आणि यूव्हीबी (उन्हातले अतिनील किरण) देणारी नळी दोन्ही लागतात, कारण उष्णता यूव्हीबीचे काम करत नाही. रात्री खोली फार गार होत असेल, तर प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर लावावा. लाल बल्ब रात्रीचा अंधार बिघडवतो. सिरॅमिक हीटरचा पृष्ठभाग भयंकर तापतो, त्यामुळे त्याला चिनीमातीचाच होल्डर हवा, प्लास्टिकचा वितळतो. सापाच्या पेटीत त्याभोवती जाळीचा पिंजरा बसवल्याशिवाय तो चालू करू नये, कारण साप त्याला विळखा घालतो. मॅटसाठी साधा चालू-बंद होणारा थर्मोस्टॅट पुरतो; बल्बला मंद-प्रखर करणारा आणि सिरॅमिक हीटरला पल्स पद्धतीचा, म्हणजे वीज थोड्या थोड्या वेळाने तोडून देणारा, घ्यावा. बाजारात मिळणारे ‘हॉट रॉक’, म्हणजे विजेवर तापणारे कृत्रिम दगड, मात्र थर्मोस्टॅट असला तरी घेऊ नयेत. ते एखाद्याच जागी फार तापतात.

वरून ऊब देण्याचे ठरले की तळाची निवड सोपी होते, आणि इथे आपल्याकडची शहाबादी फरशी फार कामाची आहे. पॉलिश न केलेला तुकडा बल्बखाली ठेवला, तर तो हळूहळू तापतो, बल्ब बंद झाल्यावरही काही काळ ऊब धरतो आणि त्याच्या खरबरीतपणामुळे नखे आपोआप झिजतात. तो जड असल्याने काचेवर टेकवण्याऐवजी खाली आधार द्यावा. उरलेल्या तळावर खरखरीत सिरॅमिक टाइल बसवावी. चकचकीत व्हिट्रिफाइड टाइलवर सरड्याचे पाय घसरतात. टाइलांमधल्या फटी मत्स्यपेटीसाठी मिळणाऱ्या सिलिकॉनने बुजवाव्यात, नाहीतर खाद्य म्हणून सोडलेली झुरळे आणि रातकिडे तिथेच दडी मारतात. सिलिकॉनचा आंबूस वास पूर्ण जाईपर्यंत प्राण्याला आत सोडू नये.

वाळूविषयी दोन टोकाची मते ऐकू येतात. पोटात वाळू अडकण्याचा धोका खरा आहे. पण अपुरी ऊब, पाण्याची आणि कॅल्शियमची कमतरता असलेल्या प्राण्यात तो कितीतरी वाढतो. पिल्लांना आणि आजारी प्राण्यांना सरळ टिश्यू पेपरवर ठेवावे, म्हणजे विष्ठाही नीट तपासता येते. ‘कॅल्शियम सँड’, अक्रोडाच्या कवचाचा भुगा आणि मक्याच्या कणसाचा भुगा टाळावा. देवदार किंवा पाइनचा भुसा कोणत्याही पेटीत घालू नये, कारण त्यातील सुगंधी तेले श्वसनाला घातक ठरतात.

बॉल पायथनला ५५ ते ६५ टक्के आर्द्रता लागते, म्हणून त्याच्याकडे कोकोपीट किंवा नारळाच्या सोडणाचे तुकडे पसरावेत. त्यात हाताने दाबल्यावर पाणी निथळू नये इतकाच ओलावा असावा. तळ चिंब राहिला तर पोटाचे खवले सडतात. कोकणात पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते, की फवारणी थांबवून झाकणाच्या जाळीतून हवा खेळती ठेवावी लागते. विदर्भात मे महिन्यात प्रश्न उलटा होतो: थर्मोस्टॅट हीटर बंद करतो, पेटी थंड करत नाही, त्यामुळे खोली गार ठेवण्याची सोय वेगळी करावी लागते.

पोट भाजल्याचे दिसले, तर तो भाग शेकू नये, साध्या गार पाण्याने थंड करावा आणि सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे लगेच न्यावे. हळद, टूथपेस्ट, तूप यांपैकी काहीही लावू नये.

प्राणी आणण्यापूर्वी सगळी मांडणी निदान आठवडाभर रिकामीच चालू ठेवावी आणि दुपारी तसेच पहाटे दोन्ही टोकांचे आकडे लिहून ठेवावेत. एकदा मुद्दाम वीज बंद करून पेटी किती वेळात गार होते तेही पाहावे, म्हणजे हीटर इन्व्हर्टरवर घ्यायचा की टॉवेलात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली पुरेल, हे आधीच कळते.