एनडीपीएसच्या (अमली पदार्थविरोधी कायद्याच्या) गुन्ह्यात जामीन: आधी वजन, मग तारखा

अर्ज लिहायला घेण्याआधी पंचनाम्यातला वजनाचा आकडा पाहा. गांजा २० किलोच्या वर, चरस १ किलोच्या वर, हेरॉइन २५० ग्रॅमच्या वर किंवा एमडी (मेफेड्रोन) ५० ग्रॅमच्या वर असेल तर प्रमाण व्यावसायिक ठरते आणि जामीन अवघड करणारे कलम ३७ आडवे येते. वजन त्याहून कमी असेल तर नेहमीच्या गुन्ह्यासारखा युक्तिवाद चालतो. मात्र कलम २७अ (पैसा पुरवणे) लावले असेल तर वजन कितीही असो, ३७ लागतेच.

'मालात भेसळच जास्त होती' हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या हिरा सिंग निकालानंतर संपला; मिश्रणाचे पूर्ण वजन धरतात. गांजात मात्र अजून जागा आहे. कायद्याने गांजा म्हणजे फुलाफळांचे शेंडे. शेंड्यांपासून सुटी पाने आणि बिया त्यात येत नाहीत. झाडे मुळांसकट तोलली असतील तर २२ किलोचा आकडा टिकेलच असे नाही.

कलम ३७ खाली न्यायालयाला दोन गोष्टी पटाव्या लागतात: आरोपी दोषी नसल्याचे मानायला वाजवी कारण आहे आणि सुटल्यावर तो पुन्हा गुन्हा करणार नाही. जुने गुन्हे दडवू नका, सरकारी वकील यादी आणतातच. आधीचे जामीन अर्जही नमूद करा. अंगझडतीपूर्वी कलम ५० चा हक्क (राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती घेण्याचा) सांगितला होता का, ते तपासा. हा हक्क फक्त अंगझडतीला लागतो; माल बॅगेत सापडला असेल तर त्यावर वेळ घालवू नका. ज्याच्याकडे काहीच सापडले नाही, फक्त सहआरोपीने तपास अधिकाऱ्याला दिलेल्या कलम ६७ च्या जबाबात नाव आले, त्याची बाजू सर्वांत भक्कम. असा जबाब कबुली म्हणून चालत नाही (तोफान सिंग, २०२०).

आता तारखा. व्यावसायिक प्रमाणात दोषारोपपत्राला १८० दिवस मिळतात; तेवढ्यात ते आले नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. पहिल्या रिमांडचा दिवस धरून मोजा. सरकारी वकिलांच्या अहवालावर मुदत एक वर्षापर्यंत वाढू शकते, पण त्या वेळी आरोपीला हजर ठेवून कळवावे लागते. वाढ मिळाली नसेल तर १८१ व्या दिवशी न्यायालय उघडताच या हक्काच्या जामिनाचा अर्ज टाका. दुपारपर्यंत थांबलात आणि तेवढ्यात दोषारोपपत्र आले, तर हक्क गेला. इथेच बहुतेकांची चूक होते.

खटला रखडला असेल तर रोजनाम्याच्या (न्यायालयाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीच्या) नकला जोडा: एकूण साक्षीदार किती, तपासले किती, तारखा कोणी मागितल्या. लांबलेल्या कोठडीवर कलम ३७ असूनही जामीन मिळू शकतो (मोहम्मद मुस्लिम, २०२३). मंजुरीच्या दिवशीच तात्पुरत्या रोख जामिनाची विनंती करा, नाहीतर जामीनदाराची कागदपत्रे होईपर्यंत माणूस आतच राहतो.